पप्पा आले की बिलगायचं

मोरा, उरण
२८ नोव्हेंबर २०२५

अहो,

येशूच्या नावात सलाम. ‘तुम्ही खुशाल असाल’ असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही किती खुशाल आहात ते मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गाळते.

तुमच्या बोटीवर फोन लागत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. मी हातानं लिहायचं, फोटो काढून तिथल्या बंदरावरच्या खलाशांच्या मिशनमधल्या थॉमसभाईंना पाठवायचा, त्यांनी तो कागदावर छापून पुढच्या लाँचनं तुमच्यापर्यंत आणायचा. तुमचं उत्तर याच वाटेनं उलटं. एका बाईला आपल्या नवऱ्याशी बोलायला एवढी माणसं लागतात. थॉमसभाईंना मराठी वाचता येत नाही, हीच काय ती प्रभूची कृपा.

परवा बेलापूरला जाऊन आले. ज्या एजंटनं तुम्हाला या बोटीवर चढवलं, त्याच्या ऑफिसचं शटर खालीच आहे. खालचा झेरॉक्सवाला आता मला ओळखतो. मी दिसले की लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो, म्हणजे मला जिना चढावा लागत नाही. मालक बोट टाकून पळाला, एजंट ऑफिस टाकून पळाला. तुम्हाला मात्र परक्या बंदराबाहेर नांगरावर बसवून ठेवलंय, वर्ष होत आलं. कुणावर ओरडायचं तेसुद्धा कळत नाही. मग मी मुलांवर ओरडते.

मोऱ्यात आता आम्ही रुळलोय. तुमचा पगार थांबल्यावर नेरुळचा फ्लॅट सोडला, तेव्हा कोळीवाड्यात आपलं कोण असणार, असं वाटलं होतं. उरणच्या आपल्या चर्चच्या मंडळीत मोजकीच घरं, आणि या गल्लीत तर आपण एकटेच. पण सामान उतरवत होते तेव्हाच शेजारच्या बायजाबाईंनी विचारलं, “तुमचा सन कंचा गो?” मी नाताळ म्हटलं. त्या म्हणाल्या, “मंग तवा आमाला बोलव. आमच्या सनाला तू ये.” संपला विषय. गणपतीत पाचही दिवस आमची चूल पेटली नाही, एवढं त्यांनी आम्हाला खाऊ घातलं. आता सगळी गल्ली आपल्या नाताळाची वाट बघतेय, आणि मला धड उत्साह येत नाही.

मुलांनी गव्हाणीचा गोठा करायला घेतलाय. मासळीच्या बर्फाची थर्माकोलची पेटी आणली धक्क्यावरून. धुऊन धुऊन माझे हात गेले तरी वास काही जात नाही. काल गोठ्यात बाळ येशूच्या जागी गल्लीतली मांजर झोपली होती. क्षिप्रानं हाकललं नाही तिला, म्हणाली, थंडी आहे. नऊ वर्षांची झाली, पण आजीसारखी बोलते.

स्वानंद तुमची फार आठवण काढतो. रोज तुमचा फोटो मागतो.

तुम्ही कधी येणार, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. विचारलं.

तुमची
गीतांजली


बोटीवरून
४ डिसेंबर

प्रिय गीता,

सलाम. तुझं पत्र वाचलं, मग कॅप्टनलाही मांजराची गोष्ट सांगितली. तो पंजाबी माणूस, त्याला अर्धी कळली, पण हसला. इथे हसायचा प्रसंग आला की आम्ही तो पुरवून पुरवून वापरतो.

आता नीट बसून वाच. बंदरवाल्यांनी कळवलंय की आमच्यातल्या चौघांना घरी सोडतील. सगळ्यांना नाही, कारण बोट रिकामी सोडता येत नाही. नांगर सुटला, पाणी शिरलं, तर बघायला माणसं हवीत. चौघं कोण, यावर भांडणं नकोत म्हणून कॅप्टननं सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. दुसरी चिठ्ठी माझी निघाली.

मी ती हातात घेऊन बघतच बसलो. आपल्याकडचा शिवराम, आमचा कुक, घणसोली गावात भाड्यानं राहतो तो, त्याचं नाव नाही निघालं. तरी त्यानं माझ्यासाठी त्या रात्री शिरा केला. साखर नव्हती, जॅम घातला होता. तसला शिरा तू केला असतास तर मी ताट सरकवलं असतं. इथे वाटी चाटली.

नाताळाच्या आधी पोचेन असं म्हणतात. विमानात बसेपर्यंत मुलांना काही सांगू नकोस. आपल्या नशिबाचा भरवसा नाही.

मोऱ्याचं घर मी पाहिलेलं नाही. धक्क्यावर उतरून कुणाला विचारू? आणि नाताळाची चांदणी कुठे लावायची, घराच्या पुढे की मागे? लाकडी काठी आहे का? आणून ठेव. ते काम माझं आहे.

तुझा
जयप्रकाश


मोरा
९ डिसेंबर

अहो,

मुलांना सांगू नकोस, हे वाक्य पत्रात जरा वर लिहायचं होतं. ‘चिठ्ठी माझी निघाली’ एवढं वाचलं आणि मी ओरडले. क्षिप्रा धावत आली, तिच्या मागून स्वानंद, त्याच्या मागून बायजाबाई हातात कोयता घेऊन, त्यांना वाटलं घरात साप निघाला. पुढची ओळ वाचेपर्यंत बातमी धक्क्यावर पोचली होती. आता घर कुणाला विचारू, असली काळजी करू नका. धक्क्यावर चहाची टपरी आहे भैरूची. त्याला नुसतं नाव सांगा. तो म्हणतो, “जयपरकासशेठची बॅग मीच घेनार.” तुम्हाला अजून कुणी बघितलेलं नाही आणि तुम्ही शेठसुद्धा झालात.

घरात धुमाकूळ चाललाय. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या सगळं करणार आहे. माझी शेगडी लहान, म्हणून बायजाबाई म्हणाल्या, “आमच्या घरान ये तलायला. आमची कढई मोठी हाय.” त्या कढईत एरवी बोंबील तळतात.  मोऱ्याच्या करंज्या अशाच लागणार, खायची सवय करा.

चर्चची कॅरल पार्टी चोवीसला गाणी म्हणत घरी येणार आहे. पाळकसाहेबांनी विचारलं, तुमच्याकडे प्रार्थना कोण करेल? मी म्हटलं, यांना येऊ द्या, तेच करतील. किती दिवसांनी मी असं ठसक्यात बोलले. घरी येताना कोळंबी घेतली, भाव न करता.

चांदणी आणलीय, लाल कागदाची. मंडळीतला शौनक लावून देतो म्हणाला, तर क्षिप्रा दारात आडवी. म्हणे, पप्पाच लावणार. बॉक्समधून बाहेरसुद्धा काढू देत नाही. काठी उभी आहे नुसती.

आणि स्वानंदची तालीम चालू आहे. रोज संध्याकाळी बायजाबाई डोक्याला रुमाल बांधतात, खांद्यावर बाजाराची पिशवी घेतात आणि दारात उभ्या राहून जाड आवाजात म्हणतात, “मी आलो.” मग स्वानंदनं धावत जायचं, पायाला बिलगायचं आणि ‘पप्पा’ म्हणायचं. आधी तो लाजायचा. आता इतका सराव झालाय की दारात कुणी पिशवी घेऊन उभं राहिलं की त्याचे पाय शिवशिवतात. काल गॅसवाला थोडक्यात वाचला.

तुम्ही या फक्त. बाकी सगळी तयारी आहे.

तुमची
गीतांजली


बोटीवरून
१६ डिसेंबर
(शिवरामच्या हाती)

प्रिय गीता,

हे पत्र तुला शिवराम आणून देईल. म्हणजे ते उघडायच्या आधीच तुला कळलेलं असेल.

माझ्या जागी तो येतोय. मीच म्हटलं त्याला, जा.

तुला इंजिनातलं कंटाळवाणं वाटतं, पण एवढं ऐक. आमचा एक जनरेटर कधीच बसला. दुसरा कसाबसा चालतो, तो माझ्या हातून. कुठे तार बांधलीय, कुठे डब्याचा पत्रा लावलाय, ते मलाच माहीत. तो चालला की पंपानं पाणी वर चढतं, वायरलेस चालतो, रात्री दिवा राहतो. दिवा नसला तर येणारी जाणारी बोट अंधारात आमच्यावर येऊन आदळेल. मी दुसऱ्याला शिकवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरातले दोघं आणि डेकवरची पोरं, त्यांनी इंजिनाला कधी हात लावलेला नाही. सेकंड इंजिनियरला येतं, पण त्याच्या छातीत दुखतं, त्याची चिठ्ठी नसती निघाली तरी त्याला पाठवावंच लागलं असतं. परवा मी मुद्दाम लांब उभा राहिलो आणि त्यांना सुरू करायला सांगितला. नाही झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी ‘थांब’ म्हणालं नाही. म्हणाले असते तर मी भांडलो असतो आणि आलो असतो.

बॅग भरलेली होती, गीता. मी ती पुन्हा सोडली.

शिवरामला पाठवायचं कारण एवढंच की भात कुणीही शिजवतो.

मी त्याला सांगितलंय, उतरल्यावर फोनवर काही बोलू नकोस. असली बातमी फोनवर ऐकून तू एकटी खोलीत बसशील, ते मला नको होतं. समोर माणूस असला तर निदान त्याच्यावर ओरडता येईल. चांगला माणूस आहे, ओरड त्याच्यावर. मग त्याला जेवायला घाल.

क्षिप्राला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू मोठी आहेस, तूच बघ.

जयप्रकाश


मोरा
२६ डिसेंबर

अहो,

काल सण झाला. पाहुणे गेले. आता लिहायला बसलेय, आणि सगळं लिहिणार आहे. तुम्ही ते वाचून काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला आता तुमचा विचार करायची ताकद नाही.

शिवराम बावीस तारखेला दुपारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं आला. खांद्यावर बोटीवरची बॅग, दाढी वाढलेली, हडकलेला. उतरल्या उतरल्या त्यानं भैरूला विचारलं, जयप्रकाश साळव्यांचं घर कुठे? झालं. भैरूनं टपरी सोडली, बॅग स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ओरडत पुढे निघाला. शिवराम मागून सांगतोय, मी तो नाही, मी तो नाही. पण या गल्लीचं प्रेम तुम्हाला माहीत नाही. इथे प्रेम करायला लागले की माणसाचं ऐकून घेत नाहीत. पाच-सहा पोरं नाचतायत, कुणीतरी स्पीकर लावला, म्हाताऱ्या दारात आल्या. तुमचा चेहरा इथे कुणी पाहिलाय? सगळ्यांना फक्त एवढंच माहीत की एक बोटीवरचा माणूस येणार आहे.

मी बायजाबाईंच्या घरात करंज्या तळत होते. ओरडा ऐकला आणि हातातला झारा पडला. बायजाबाई म्हणाल्या, “तू तोंड धू, केस बांध. मी बगते.” आणि भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन ओवाळायला धावल्या. मला सांगायला लाज वाटते, पण मी घाई केली नाही. मी त्यांच्या आरशासमोर उभी राहिले. पीठ पुसलं, केस सोडून पुन्हा विंचरले, पावडर लावली. म्हटलं, एवढे दिवस मी थांबले, आता त्यांना दोन मिनिटं थांबू दे. मग हसत हसत बाहेर आले.

बायजाबाई त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकत होत्या. स्वानंद त्याच्या पायाला बिलगलेला. दोन्ही हातांनी पाय कवटाळून, गाल मांडीला लावून, ‘पप्पा, पप्पा’ म्हणत होता. शिकवलेलं सगळं त्यानं केलं. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. आणि तो परका माणूस दोन्ही हात वर धरून उभा, पोराला हात लावू की नको, अशा अवस्थेत.

क्षिप्रा भिंतीला टेकून उभी होती. तिला कळलं होतं. 

शिवराम मला बघून म्हणाला, “वहिनी, मी शिवराम. मी यांना किती सांगितलं.”  तीस-चाळीस माणसं बघत होती. मी म्हटलं, “आत या.” दुसरं काय म्हणणार?

आत त्यानं पत्र दिलं. माझा चेहरा बघून बायजाबाई समजल्या. बाहेर गेल्या. थोड्या वेळानं स्पीकर बंद झाला. भैरू दारापर्यंत आला, बॅग हळूच आत ठेवली आणि गेला. त्या माणसांचा काय दोष? आणि तुमचा तरी काय? तुमच्यावर रागवायचा मी फार प्रयत्न केला. बोटीवर उरलेल्या सहा माणसांना पाणी मिळावं म्हणून तुम्ही थांबलात, त्यावर कुठल्या तोंडानं भांडू? तुम्ही दारू पिऊन राहिला असतात तर बरं झालं असतं. मला निदान काही बोलता आलं असतं.

मी पत्र वाचत होते तेवढ्यात स्वानंदनं चांदणीचा बॉक्स ओढत आणला. “पप्पा, लाव.” शिवरामनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. का हलवली, मला अजून कळत नाही. नाही म्हणायला हवं होतं. पण त्या पोराच्या तोंडावर जे होतं ते मला मोडवेना. शिवराम त्याला खांद्यावर घेऊन बाहेर गेला आणि दोघांनी चांदणी लावली. क्षिप्रा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

रात्री ती मला म्हणाली, “मम्मी, त्याला सांगू नको. तो खूश आहे.” मग विचारलं, “तो जनरेटर दुसऱ्या कुणालाच नाही येत चालवायला?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “पप्पांना का येतो?” मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

शिवराम जेवून संध्याकाळीच घणसोलीला गेला. त्याला राहवेना इथे. स्वानंद टाटा करत होता. आता तो सगळ्यांना सांगतो, पप्पा आला होता, चांदणी लावली, बोटीवर गेला. गल्लीतली माणसं ‘हो रे बाला’ म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. कॅरल पार्टी आली तेव्हा पाळकसाहेबांसमोरसुद्धा त्यानं हेच सांगितलं. प्रार्थना पाळकसाहेबांनीच केली. काल सगळी गल्ली आपल्याकडे फराळाला होती, माणूस मावत नव्हता. मी सगळ्यांना वाढलं, हसले. करंज्या चांगल्या झाल्या होत्या म्हणे. मला चव कळली नाही.

आता एक राहिलं. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. स्वानंद तुमचा फोटो मागत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो जेमतेम चालत होता. फोटो दाखवला की तो ‘काका’ म्हणतो. म्हणून ती तालीम सुरू केली मी. वाटलं, ओळख नसली तरी सवय असेल. तुम्ही दारात उभे राहाल आणि तो लाजून माझ्या मागे लपेल, ते तुम्हाला बघायला लागू नये. एवढंच होतं माझ्या मनात.

त्याचा पप्पा आता येऊन गेला. तुम्ही खरे आलात की त्याला काय सांगू?

गीतांजली


बोटीवरून
३ जानेवारी २०२६

प्रिय गीता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खाली जनरेटरजवळ होतो. तिथेच वाचलं. ते बरं झालं, त्या आवाजात माणूस रडला तरी कुणाला कळत नाही.

फोनवर सांगू नकोस, असं शिवरामला मीच बजावलं होतं. मला वाटलं मी फार समजूतदारपणा केला. पोरानं त्याला मिठी मारावी आणि त्याला ती सोडवता येऊ नये, असा प्रसंग मी त्या गरीब माणसावर आणला. त्यानं थॉमसभाईंकडे निरोप पाठवलाय. माफी मागतोय. कशाची, ते मला कळत नाही.

फोटोचं मला माहीत होतं. तू लिहिलंस की तो रोज फोटो मागतो, तेव्हाच कळलं. एवढं लहान पोर फोटो कुठे मागतं? पण मला ते वाचायला आवडायचं, म्हणून मी काही बोललो नाही.

दुसरी खेप कधी सोडतील, ते कुणी सांगत नाही. कॅप्टन म्हणतो मार्च, तो असंच म्हणतो. जनरेटर अजून चालतोय. मी आता एकाला रोज शेजारी बसवतो. अजून त्याला भीती वाटते.

क्षिप्राला सांग, तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली असेल तर तिला झोपू दे, उठवू नकोस.

स्वानंदला काही सांगू नकोस. शिवराम कधी रविवारी आला तर त्याला दारातून परत पाठवू नकोस, आणि पोराला त्याच्याजवळ जाऊ दे. त्याच्या मनात पप्पा आहे ना, मग असू दे. चेहरा कुणाचा का असेना.

मी आलो की त्याला एकदम काही सांगायला जाऊ नकोस. म्हण, पप्पांचा बोटीवरचा मित्र आलाय, थोडे दिवस आपल्याकडे राहणार आहे. मी तसाच राहीन.

तुझा
जयप्रकाश